श्रमिकाचे मृत्युपत्र

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले असता दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि निगडी ही एकेकाळी परस्परांपासून अलिप्त असलेली गावे आज एकाच महानगरात विलीन झालेली दिसतात, आणि या विलीनीकरणाचा इतिहास म्हणजे गेल्या सत्तर वर्षांत या भूमीवर येऊन स्थिरावलेल्या श्रमिकांच्या पिढ्यांचाच इतिहास होय. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, त्यामागोमाग मोटारी, स्कूटरी, इंजिने व यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कारखाने उभे राहिले, १९७० मध्ये येथे नगरपालिका आली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे भोसरी-मोशीच्याही पलीकडे खेड तालुक्यात चाकण, निघोजे, खालुंब्रे, महाळुंगे या गावांच्या शिवारांत तोच उद्योगविस्तार जाऊन पोहोचला. सातारा-सांगलीकडून, मराठवाड्यातून, खानदेश-विदर्भातून आणि त्यानंतर परप्रांतांतूनही जी माणसे येथे कामाला आली, त्यांपैकी बहुसंख्यांपाशी येताना अंगमेहनतीवाचून दुसरे भांडवल नव्हते. आज त्याच माणसांच्या नावावर दोन खोल्यांची सदनिका आहे, फंडाची व ग्रॅच्युइटीची रक्कम आहे, बँकेतील मुदत ठेव आहे, आयुर्विम्याची पॉलिसी आहे, आणि गावाकडच्या सात-बारा उताऱ्यावर भावांबरोबर लागलेले नावही आहे.

ही मिळकत अल्प असेल, परंतु ती स्वकष्टार्जित आहे, आणि बहुतेक घरांत अशा प्रकारची ती पहिलीच मिळकत आहे. तिची आपल्या पश्चात काय व्यवस्था लागावी हे लिहून ठेवण्याचा रिवाज मात्र या घरांत अद्याप रुजलेला नाही. मृत्युपत्र हे जमीनदारांनी, व्यापाऱ्यांनी आणि वाडेवाल्यांनी करावयाचे असते, ते करावयास मोठा वकील लागतो, आणि वकील म्हटला की त्याची फी आली, ही समजूत इतकी खोलवर बसली आहे की, ज्याने तीस-पस्तीस वर्षे यंत्रापुढे उभे राहून एक घर उभे केले, तो त्या घराच्या भवितव्याविषयी एक पानभर मजकूर लिहिण्याचेही टाळतो. या समजुतीतील प्रत्येक अंश निराधार आहे असे मी म्हणणार नाही; परंतु तिच्यामुळे अल्प उत्पन्नाच्या माणसाचा जो हक्क कायद्याने कधीच मान्य केला आहे तो वापराविना पडून राहिला आहे, आणि त्या हक्काची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम खर्चाचाच विचार करू, कारण सामान्य माणसाचे पाऊल तेथेच अडते. भारतीय वारसा कायदा, १९२५ याच्या कलम ५९ अन्वये सज्ञान व सुदृढ मनाच्या कोणाही व्यक्तीस मृत्युपत्र करता येते, आणि कलम ६३ मध्ये त्याचे जे आवश्यक विधी सांगितले आहेत ते विस्मय वाटावा इतके साधे आहेत. मृत्युपत्र करणाऱ्याने त्यावर सही अथवा अंगठा करावा. निदान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना प्रत्यक्ष पाहिलेले असावे, अथवा ही सही माझी आहे असे त्याने त्यांना समक्ष सांगितलेले असावे. आणि त्या दोघांनी त्याच्या समक्ष आपापल्या सह्या कराव्यात. यापलीकडे कोणताही ठरावीक नमुना कायदा मागत नाही. मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क नाही. साध्या कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात, आपल्या मातृभाषेत लिहिलेले मृत्युपत्र पूर्णतः ग्राह्य असते. नोटरीच्या शिक्क्याची त्यास गरज नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात अनेक दस्तांचे किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपये झाले, तेव्हापासून मृत्युपत्रासाठीही ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो अशी एक नवीच समजूत लोकांत पसरली आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. नोंदणी कायदा, १९०८ याने मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक ठेवली आहे, आणि ज्यास ती करावयाची असेल त्यास दुय्यम निबंधकाच्या कचेरीत भरावी लागणारी फी नाममात्र आहे.

म्हणजे सरकारी तिजोरीत जाणारा खर्च जवळजवळ नाहीच. खर्च असतो तो मजकुराचा: कोणती मिळकत आपल्या एकट्याची व कोणती सामाईक, कोणास काय देता येते व काय देता येत नाही, मिळकतीचे वर्णन कसे करावे आणि वारसांपैकी कोणी हरकत घेतली तर ती टिकू नये यासाठी कोणती खबरदारी घ्यावी, हे सांगणाऱ्या जाणत्या माणसाच्या सल्ल्याचा. हा सल्ला वाचविण्यासाठी पुष्कळ लोक कचेरीबाहेर मिळणारा छापील नमुना भरून घेतात. ‘मी हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणत्याही प्रकारचे नशापाणी न करता व कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून ठेवीत आहे’ हे सुपरिचित वाक्य त्यात असते. परंतु सदनिकेचा क्रमांक चुकलेला, सामाईक जमीन संपूर्णपणे आपलीच म्हणून दाखविलेली, आणि साक्षीदार म्हणून ज्या मुलास घर द्यावयाचे त्याचीच सही घेतलेली, असेही पुष्कळदा असते. त्या कागदावरून पुढे दहा वर्षे दिवाणी दावा चालला म्हणजे वाचविलेल्या फीच्या अनेक पटींनी पैसा आणि त्याहून मोलाचा असा भावाबहिणींतील स्नेह खर्ची पडतो.

मृत्युपत्र न केल्यास काय होते याचीही स्पष्ट कल्पना असणे अवश्य आहे. समजा, चिंचवडच्या एका कारखान्यात काम करणारा एक हिंदू कामगार मृत्युपत्र न करता वारला आणि त्याच्या मागे पत्नी, वृद्ध आई, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ याप्रमाणे हे पाचही जण प्रथम वर्गाचे वारस असल्यामुळे त्याच्या सदनिकेचे पाच समान हिस्से होतील. ज्या पत्नीने त्याच्याबरोबर त्या घराचे हप्ते फेडले तिच्या वाट्यास एक पंचमांश येईल. पुढे आई वारली आणि तिनेही मृत्युपत्र केलेले नसले, तर तिचा एक पंचमांश हिस्सा तिच्या सर्व मुलामुलींकडे, म्हणजे मृत कामगाराच्या भावाबहिणींकडेही जाईल. आणि विधवेला आपले राहते घर विकावयाचे अथवा त्यावर कर्ज काढावयाचे झाले तर गावाकडच्या दिरांच्या व नणंदांच्या सह्यांसाठी हिंडावे लागेल. यात कोणाची लबाडी असते असे नाही. कायद्याने आपले ठरलेले वाटप केलेले असते, कारण ज्याने दुसरे वाटप सांगावयाचे तो न सांगताच गेलेला असतो. आईची तजवीज अवश्य करावी, किंबहुना ती प्रथम करावी. परंतु तहहयात राहण्याचा हक्क व दरमहा ठराविक रक्कम अशी तिला उपयोगी पडेल ती तजवीज मृत्युपत्रानेच करता येते.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही निकड अधिकच आहे, आणि आपल्याकडे तिचा उच्चार फार थोडा होतो. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळू लागली आहे. तेव्हा घर पत्नीच्या नावे घेण्याचे आणखी एक कारण कुटुंबांना लाभले आहे. मात्र अपत्य नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर कायद्याप्रमाणे तिच्या आईबापांच्या आधी तिच्या पतीच्या वारसांचा हक्क पोहोचतो. ज्या माहेराने तिला सांभाळले त्यास काही मिळावे असे तिच्या मनात असेल, तर तिने ते लिहूनच ठेवले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की, आम्ही सर्व ठिकाणी नॉमिनी लावला आहे, मग मृत्युपत्राचे प्रयोजन काय? हा प्रश्न कारखान्याच्या उपाहारगृहात, ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रांत आणि सोसायटीच्या सभांत वारंवार ऐकू येतो, आणि त्यामागील गैरसमज दूर होणे अत्यंत निकडीचे आहे. नॉमिनी म्हणजे सर्वसाधारणपणे रक्कम अथवा मिळकत प्रथम ज्याच्या हाती सोपवावयाची तो इसम. मालकी कोणाची हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरविते. समभागांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात हेच तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या प्रकरणानुसार, वारसांचे हक्क निश्चित होईपर्यंत नॉमिनीस केवळ तात्पुरते सभासदत्व मिळते. मात्र मृत्युपत्र हा हस्तांतरणाचा एक आधार म्हणून तेथे स्पष्टपणे मान्य केलेला आहे. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईबाप, पती-पत्नी व अपत्ये या जवळच्या नॉमिनींना लाभाचा हक्क मिळाला आहे हे खरे, परंतु तो अपवाद म्हणूनच ध्यानात ठेवावा. चाकणच्या तरुण कामगारांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी: अविवाहित असताना फंडासाठी केलेले नामनिर्देशन विवाहानंतर तसेच चालू राहत नाही, ते नव्याने करावे लागते. कारखान्यात लागताना आईचे नाव लिहून दिले आणि तो कागद पुढे वीस वर्षे उघडलाच नाही, ही स्थिती असंख्य घरांत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सल्ल्याची फी ज्याला परवडत नाही त्याने काय करावे? गरिबास न्यायाच्या दारी साहाय्य मिळावे हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. १९४९ मध्येच तत्कालीन मुंबई सरकारने न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत विधिसाहाय्याचे तत्त्व अनुच्छेद ३९-क म्हणून राज्यघटनेत आले, आणि त्यास मूर्त स्वरूप देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये संमत होऊन ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ मध्ये विधी सेवेस पात्र असणाऱ्यांची जी गणना केली आहे ती या औद्योगिक पट्ट्यातील प्रत्येक घराने मुखोद्गत करावी अशी आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, दिव्यांग, आपत्तिग्रस्त, अटकेतील व्यक्ती, आणि विहित मर्यादेहून कमी उत्पन्न असणारे, ज्यांच्यासाठी महाराष्ट्रात ही मर्यादा वार्षिक ३ लाख रुपये आहे, यांचा तीत समावेश आहे. आणि याच गणनेत, बहुधा फार थोड्यांच्या लक्षात आलेले असे आणखी एक पद आहे: औद्योगिक कामगार. कायद्याने त्यास कामगार म्हणूनच पात्र ठरविले आहे. तसेच स्त्रियांच्या बाबतीत उत्पन्नाची अट लावलेली नाही. ज्या प्रदेशात औद्योगिक कामगार, त्यांच्या पत्नी, त्यांच्या विधवा माता आणि कंत्राटी पद्धतीवर राबणारे अल्पवेतनी तरुण यांचीच वस्ती मुख्यत्वे आहे, त्या प्रदेशासाठीच जणू हे कलम लिहिले गेले होते.

कोणत्याही सवलतपत्राची, ओळखीच्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीची अथवा दलालाची यासाठी आवश्यकता नाही. उत्पन्नाच्या आधारावर साहाय्य मागणाऱ्याने आपल्या उत्पन्नाविषयी केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येईल असे कायदाच म्हणतो. केवळ वयाची साठ वर्षे झाली एवढ्यावरून कलम १२ खाली हक्क प्राप्त होत नाही, कारण ज्येष्ठ वय हा त्या गणनेतील निकष नाही. परंतु निवृत्त कामगाराचे वार्षिक उत्पन्न पुष्कळदा मर्यादेच्या आतच असते, आणि त्याची पत्नी तर स्त्री म्हणून पात्र असतेच.

एका गोष्टीची येथे प्रामाणिकपणे नोंद केली पाहिजे. कायद्यात विधी सेवेची जी व्याख्या आहे तीत न्यायालयातील प्रकरणे चालविण्याचा उल्लेख प्रथम येतो, आणि त्यानंतर कोणत्याही कायदेशीर बाबीविषयी सल्ला देण्याचा. मृत्युपत्राचे नाव त्या व्याख्येत घेतलेले नाही. तथापि मृत्युपत्र ही निःसंशय कायदेशीर बाब आहे, आणि तिच्याविषयीचा सल्ला हा व्याख्येच्या शब्दांत पूर्णपणे बसतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलापुढे स्वतः लिहिलेला मसुदा ठेवून, यात काय चुकले आहे ते मला सांगा, असे म्हणण्याचा अधिकार पात्र व्यक्तीस आहे, आणि माझ्या मते अल्प उत्पन्नाच्या माणसाने अवलंबावा असा हाच सर्वांत चांगला मार्ग होय: मजकूर आपला, भाषा आपली, इच्छा आपली, केवळ तपासणी जाणत्याची.

त्या तपासणीस जाण्यापूर्वी घरी बसून थोडी सिद्धता केली तर वकिलाचाही वेळ वाचतो आणि सल्ल्यातही नेमकेपणा येतो. सदनिकेचा करारनामा अथवा सूची क्रमांक दोन, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, गावाकडच्या जमिनीचा सात-बारा व आठ-अ, बँकेची पुस्तके आणि कर्ज असल्यास त्याचा खातेउतारा हे कागद एकत्र करावेत. निगडी-आकुर्डीकडच्या प्राधिकरणाच्या वसाहतींत राहणाऱ्यांनी एक बाब विशेषेकरून सांगावी. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने तेथील भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. ते प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित होऊन त्याचा बराचसा कारभार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेला. अशा मिळकतीच्या बाबतीत आपण मृत्युपत्राने देतो तो भाडेपट्ट्याचा हक्क असतो, आणि पुढे वारसाचे नाव लागण्यासाठी संबंधित कचेरीची रीतसर कारवाई पुरी करावी लागते, हे मजकुरात व वारसांच्या मनातही स्पष्ट असलेले बरे. ज्यांची सदनिका चिंचवडला व जमीन लातूर किंवा जळगाव जिल्ह्यात आहे त्यांनी दोन मृत्युपत्रे करण्याची जरुरी नाही. एकाच दस्तात दोन्ही मिळकतींचे वर्णन पुरते.

चाकण परिसरातील मूळच्या शेतकरी कुटुंबांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादित केल्या, मोबदल्याच्या रकमा आल्या, उरलेल्या शिवाराचे भाव कोणाच्या कल्पनेतही नव्हते इतके वाढले, आणि जी जमीन आजवर केवळ पोटाला लावीत होती तीच कुटुंबातील कलहाचे मूळ झाली. अशा घरातील पुष्कळ वडीलधाऱ्यांची अशी समजूत असते की, सात-बाऱ्यावर माझे नाव आहे, तेव्हा ती सगळी जमीन मी मृत्युपत्राने मुलांच्या नावे करू शकतो व मुलींना वगळू शकतो. स्वकष्टार्जित जमिनीपुरते ते कायद्याने शक्य आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र मृत्युपत्राने देता येतो तो केवळ आपला स्वतःचा हिस्सा. ९ सप्टेंबर २००५ पासून अशा मिळकतीत मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. मुलीचा जो हिस्सा मुळात तिचाच आहे तो बापाच्या मृत्युपत्राने नाहीसा होत नाही. मुसलमान कुटुंबांत, इतर वारसांची संमती नसल्यास, एक तृतीयांशापेक्षा अधिक मिळकतीची व्यवस्था मृत्युपत्राने लावता येत नाही, हेही चाकणच्या मिश्र वस्तीत ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

साक्षीदारांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते, कारण मृत्युपत्रे बहुतकरून याच जागी मोडतात. मृत्युपत्राचा दस्त इतर सर्व दस्तांहून एका बाबतीत निराळा आहे: तो वाचला जातो तेव्हा तो लिहिणारा जगात नसतो, आणि ही माझीच इच्छा आहे असे सांगावयास येऊ शकत नाही. एच. वेंकटचल अय्यंगार खटल्यात १९५८ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, आणि जो आजही या विषयातील आधारस्तंभ मानला जातो, तो याच विचारावर उभा आहे. तो लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, ज्यांचा जन्म साताऱ्याचा. त्या निर्णयाचे सार असे की, मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. आणि ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच ते लिहवून घेण्यात पुढाकार घेतलेला असणे ही एक ठळक संशयास्पद बाब होय. म्हणून ज्या मुलास घर द्यावयाचे त्यानेच वकील ठरवावा, त्यानेच बापाला कचेरीत न्यावे, त्याच्याच मित्रांनी साक्षी घालाव्यात, हे टाळले पाहिजे. लाभार्थी व त्याचा पती अथवा पत्नी यांस साक्षीदार करू नये. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान, प्रकृतीने धडधाकट व शक्यतो जवळच राहणारे असावेत, कारण पुढे वाद उत्पन्न झाला तर हयात असलेल्या साक्षीदारांपैकी निदान एकास न्यायालयात येऊन सांगावे लागते. गावाकडचा वृद्ध चुलता आदरणीय खरा, परंतु कारखान्यातील तरुण सहकारी किंवा शेजारचे शिक्षक हे अधिक उपयुक्त साक्षीदार ठरतात. वार्धक्य अथवा आजारपण असेल तर त्याच सुमारास डॉक्टरांचे, मन सुदृढ असल्याबद्दलचे प्रमाणपत्र घेऊन ते जोडावे. एखाद्या वारसास कमी दिले किंवा वगळले असेल तर त्याचे कारण एका सौम्य वाक्यात लिहावे. न लिहिलेले कारण पुढे लोक आपापल्या परीने शोधू लागतात.

मृत्युपत्र जपून ठेवण्याची सोयही सरकारनेच करून ठेवली आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदविण्याचा मार्ग आहेच. त्याखेरीज मजकूर कोणास कळू नये असे वाटत असेल तर ते मोहोरबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकाच्या स्वाधीन करता येते, आणि हयातीत ते परतही घेता येते. अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या घरी, सबळ कारण दाखविल्यास, नोंदणी अधिकारी येऊ शकतो, अशीही तरतूद नोंदणी कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. मृत्युपत्र करून एकदा बांधले गेलो अशीही धास्ती नको. ते कितीही वेळा बदलता येते आणि सर्वांत शेवटचे तेवढे खरे धरले जाते. पुणे जिल्ह्यातील मिळकतीविषयी तेथेच केलेल्या हिंदूच्या मृत्युपत्रास प्रोबेट, म्हणजे ते सिद्ध झाल्याचा न्यायालयाचा दाखला, घेण्याची सक्ती नाही, हा या भागातील कुटुंबांचा मोठा दिलासा समजावा.

जगात अन्यत्र काय व्यवस्था आहे हे पाहिले म्हणजे आपल्या व्यवस्थेतील उणीव कोठे आहे ते उमगते. न्यूझीलंडने १८७२ मध्येच कायदा करून सार्वजनिक विश्वस्ताची कचेरी स्थापन केली. ऑस्ट्रेलियातील राज्यांतही तशा कचेऱ्या आहेत, आणि त्यांपैकी काही निवृत्तिवेतनाचे सवलतपत्र धारण करणाऱ्या नागरिकांस मृत्युपत्र कमी शुल्कात तयार करून देतात. म्हणजे मसुदा करणे, तो जपणे आणि पुढे त्याची अंमलबजावणी करणे ही तिन्ही कामे तेथे सार्वजनिक संस्थेच्या एका दाराशी होऊ शकतात. आपल्याकडे १९०८ च्या कायद्याने मृत्युपत्राचा राखणदार दिला, १९८७ च्या कायद्याने सल्लागार दिला. पण कामगाराला समोर बसवून, त्याचे कागद पाहून, त्याच्या इच्छेस निर्दोष शब्दरूप देणारा माणूस ठरवून दिलेला नाही. ही उणीव भरून काढण्यास नव्या कायद्याची अथवा मोठ्या निधीची गरज आहे असे मला वाटत नाही. गरजू माणसास पुरती फी देता येत नसली तरी साहाय्य मिळाले पाहिजे, आणि आपल्या ऐपतीच्या मर्यादेत मोफत साहाय्य करणे हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक होय, असे भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतच नमूद आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पिंपरी-चिंचवड व चाकण येथे कामगारांसाठी आणि निवृत्तांसाठी मृत्युपत्राची नियमित शिबिरे भरवावीत; वकील संघटनांनी विहित उत्पन्नाच्या वर असलेल्या परंतु पूर्ण फी न परवडणाऱ्या मधल्या वर्गासाठी एक ठरावीक, जाहीर व माफक शुल्क निश्चित करावे; महानगरपालिकेने त्यासाठी आपली विरंगुळा केंद्रे खुली करावीत; आणि कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी व कामगार संघटनांनी, निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देण्याच्या पुष्कळ आधी, प्रत्येक कामगारास या हक्काची लेखी माहिती द्यावी. ज्यांची ऐपत आहे त्यांनी, कायद्याने पात्र असले तरी, मोफत साहाय्य न घेता ते गरजूंसाठी राहू द्यावे.

तोवर वाचकांनी वाट पाहत बसू नये. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. चाकणच्या रहिवाशांस खेड-राजगुरुनगरच्या आणि तळेगाव-वडगाव भागातील रहिवाशांस वडगाव मावळच्या न्यायालयात चौकशी करता येईल. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा साहाय्य दूरध्वनी क्रमांक १५१०० हा असून ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. अर्जाला फी पडत नाही.